उजवा कान बाकी आहे

चर्चची घंटा थांबली की मी बाटली काखेत धरते.
थंड औषध कानात गेलं तर ब्रीना
टेबलाखाली जाते, आणि संध्याकाळपर्यंत
माझ्याशी अबोला.

कोमट झालं की जमिनीवर बसते. आधी माझे गुडघे बोलतात.
तिची पाठ माझ्या मांड्यांमध्ये,
डावा कान उचलते, लोकरीची जड घडी,
आणि वास घेते.
डॉक्टर लोरेदानाने शिकवलं :
आधी नाक, मग डोळे, हात सगळ्यांत शेवटी.
आंबल्या पिठाचा वास आला तर मला फोन कर,
घरचा शहाणपणा नको.
आज वास मेणाचा, झोपेचा.
आतली कातडी फिकी गुलाबी,
मोर्तादेल्लाच्या पातळ कापासारखी.

औषध ओतते. कान मिटते. मुळाशी चोळते,
पचक, पचक,
तिचा मागचा पाय हवेतच खाजवू लागतो.
मग सोडते, मागे सरकते,
आणि ती मान झाडते.
भिंतीवर, चुलीवर, दुइलिओच्या फोटोवर
तपकिरी थेंब.
चालेल त्याला.
जिवंतपणी याहून वाईट उडालंय त्याच्यावर.

चाळीस वर्षं तो रात्रीचा ट्रफल शोधायला गेला,
कुठल्या ओकखाली, कुठल्या ओढ्याकाठी,
या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही.
मलाही नाही.
फक्त निघताना दारात गुडघ्यावर बसून
कुत्रीच्या कानात काहीतरी पुटपुटायचा, आमच्या गावबोलीत.
मी स्वयंपाकघराच्या काचेतून बघायची.
मत्सर वाटायचा, खोटं कशाला बोलू.

ब्रीनाच्या आधी सेल्वा होती.
तिचे कान तो काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून
खोल, खोल साफ करायचा.
काडी मळ काढत नाही, आत ढकलते,
हे आम्हाला कोण सांगणार होतं?
एकदा ती किंचाळली.
त्यानंतर शीळ घातली तरी वळेना.
नोव्हेंबरच्या धुक्यात एका पहाटे
दुइलिओ एकटा परतला. दिवसभर हाका मारून
त्याचा घसा गेला होता.
तेव्हा त्याने कानाला खडा लावला :
कुत्र्याच्या कानाला हात म्हणून लावायचा नाही.
चूक एकदा या टोकाची, एकदा त्या.

म्हणून तो गेला तेव्हा, फेब्रुवारीत,
ब्रीना मला मिळाली ती मान वाकडी करून,
कान भिजल्या पावासारखा सुजलेला.
तीन आठवडे थेंब, सकाळ-संध्याकाळ.
बरी झाल्यावर मी रोज पुसायला लागले तर
लोरेदाना रागावली :
रोज नको. अति काळजीनेही कान सोलतो.
आठवड्यातून एकदा, आणि नदीत पोहून आली तर
त्या दिवशी नुसता कोरडा कर.

ईस्टरला ग्वाल्तिएरो आला, केकचा डबा आणि पाकीट घेऊन.
चार हजार, म्हणाला, तुला आता कुत्रीचा काय उपयोग.
कुत्री नव्हे, नकाशा घ्यायला आला होता.
मी म्हटलं, तिचा कान अजून बरा नाही.
जूनमध्ये पुन्हा आला. पुन्हा तेच सांगितलं.
कान मार्चमध्येच बरा झाला होता.

आता कापडाची घडी बोटाला गुंडाळते.
बोट आपणहून जाईल तेवढंच, पुढे नाही.
दिसतो तो मळ माझा,
न दिसणारा तिचा आणि डॉक्टरचा.
आणि त्याने सांगितलेलं जे काही आत असेल,
ते पुसलं तर जात नसेल ना,
असा वेडा विचार दर रविवारी येतो.

आज कानाच्या कडेला, केसांत,
मातीचा एक दाणा.
पिवळा.
आमच्या बाजूची माती राखाडी.
काल दुपारी ती दोन तास कुठे होती
मला माहीत नाही.

दाणा चिमटीत चुरडते, नाकाशी नेते.
ब्रीना माझ्याकडे बघते, जराही न हलता.
दुइलिओचे बूट दाराशी आहेत, माझ्या मापाला मोठे,
दोन जोडी मोजे घातले तर येतील.

थांब गं.
उजवा कान बाकी आहे.